पडद्यामागून आलेली आई

काही चित्रांच्या वाट्याला अशी कीर्ती येते, की पुढे ती कीर्तीच चित्राच्या आणि पाहणाऱ्याच्या मध्ये येऊन उभी राहते. राफाएलची ‘सिस्टीन मॅडोना’ हे असे एक चित्र. त्यातही नवल असे, की जगभर पोहोचले ते सबंध चित्र नव्हेच. पोहोचली ती त्याच्या अगदी तळाशी असलेली दोन पंखवाली पोरे. एकाने हनुवटी हातावर टेकलेली, दुसऱ्याने हातांची घडी घालून तिच्यावर मान ठेवलेली, आणि दोघांचेही डोळे वर लागलेले. शुभेच्छापत्रांवर, चहाच्या पेल्यांवर, बिस्किटांच्या डब्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर ती बसली आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने प्रेमाच्या तिकिटावरही त्यांना जागा दिली. आपल्याकडे वाढदिवसाच्या भेटकार्डांतून ती कितीतरी घरांत येऊन गेली आहेत. ज्याने राफाएलचे नाव ऐकलेले नाही, त्यानेही ही पोरे पाहिलेली असतात.

ती वर पाहत आहेत. कुणाकडे, हे मात्र भेटकार्डावर छापलेले नसते. त्यामुळे ती नुसतीच गोंडस दिसतात. दुपारच्या सुट्टीत कंटाळलेल्या मुलांसारखी. मूळ चित्रासमोर उभे राहिले म्हणजे कळते, की ती काही स्वप्नात रमलेली नाहीत. त्यांच्या डोक्यावरून एक आई आपले मूल घेऊन चालत येते आहे, आणि जे घडते आहे ते ती दोघे मुकाट्याने पाहत आहेत. ते काय घडते आहे, हेच या चित्राचे मर्म आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ते वात्सल्याहून निराळे आहे.

शिक्षणाच्या निमित्ताने मी दोन वर्षे ड्रेस्डेनला होते. नद्यांचे पाणी आणि त्याचे नियोजन हा माझा विषय; चित्रकलेशी त्याचा काही संबंध नाही. पण एल्ब नदीपासून जवळच त्स्विंगर नावाची राजवाड्यासारखी देखणी इमारत आहे, तिच्या एका अंगाला चित्रसंग्रहालय आहे, विद्यार्थ्यांना तिथे तिकिटात सवलत आहे, आणि जर्मनीतला हिवाळा फार लांब असतो. एवढ्या गोष्टी जुळून आल्यावर परक्या गावी एकटे राहणारे माणूस आठवड्यातून एखादी दुपार चित्रांच्या सोबतीत काढू लागले, तर त्यात नवल नाही. त्या दुपारींपैकी पुष्कळशा मी या एका चित्रापुढे काढल्या.

आधी त्याची थोडी हकीकत सांगायला हवी. राफाएलचा जन्म १४८३ मध्ये इटलीतल्या उर्बिनो गावी झाला. १५१२ च्या सुमारास तो रोममध्ये पोप दुसरा ज्यूलिअस याच्या पदरी होता. मायकेलअँजेलोकडून सिस्टीन चॅपेलचे छत रंगवून घेणारा पोप तो हाच. उत्तर इटलीतल्या पिआचेंझा गावच्या संत सिक्स्टसच्या मठासाठी ज्यूलिअसने हे चित्र राफाएलला सांगितले. ‘सिस्टीन’ हे नाव आले ते या संतावरून. त्या प्रसिद्ध छताशी या चित्राचा तसा संबंध नाही. जवळजवळ अडीचशे वर्षे ते मठाच्या चर्चमध्ये वेदीवर होते. १७५४ मध्ये सॅक्सनीचा अधिपती तिसरा ऑगस्टस याने मोठी किंमत मोजून ते विकत घेतले आणि आल्प्स ओलांडून ड्रेस्डेनला आणले. पिआचेंझाला आता त्याची नक्कल आहे.

चित्रातली मंडळी मोजकी आहेत. मधोमध बाळ येशूला घेतलेली मेरी. तिच्या एका अंगाला गुडघे टेकलेला संत सिक्स्टस. हा तिसऱ्या शतकातला पोप, २५८ साली धर्मासाठी मारला गेला. त्याचा चेहरा ज्यूलिअसच्या चेहऱ्यावर बेतलेला आहे, असे मानतात. दुसऱ्या अंगाला संत बार्बरा. तिला तिच्या बापानेच मनोऱ्यात कोंडले आणि अखेर ठार केले, अशी आख्यायिका आहे. तो मनोरा तिच्या मागे जरासा दिसतो. तळाशी एक फळी, तीवर पोपचा मुकुट उतरवून ठेवलेला, आणि ती दोन पोरे. बाकी सगळे ढग. त्या ढगांकडे नीट पाहिले, की त्यांत असंख्य बालमुखे उमटलेली दिसतात. जणू आकाशच चेहऱ्यांचे बनलेले आहे. छापील प्रतीत हे चेहरे बहुधा विरून जातात.

छापील प्रतीत आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे माप. हे चित्र जवळजवळ पावणेनऊ फूट उंच आणि साडेसहा फूट रुंद आहे. पुस्तकातली मॅडोना तळहाताएवढी असते. आपण तिच्याकडे वरून पाहतो. येथे मान वर करावी लागते. दालनात शिरताना दुरूनच ती दिसते, आणि प्रथम वाटते ते असे, की भिंतीला एक मोठे दार आहे, ते आत्ताच कुणीतरी उघडले आहे आणि त्यातून कुणी बाई बाहेर येते आहे.

दार म्हणण्याचे कारण तो हिरवा पडदा. चित्राच्या वरच्या अंगाला एक दांडी आहे. ती पडद्याच्या भाराने मध्ये किंचित वाकलेली आहे. पडदा दोन्ही बाजूंना सरकवलेला आहे. स्वर्ग दाखवायचा आणि त्याला घरातल्यासारखी दांडी लावायची, तीही वाकलेली, हे धाडस राफाएलने केले आहे. आपल्या माणसाला हा पडदा समजावून सांगावा लागत नाही. गाभाऱ्यापुढचा पडदा बाजूला झाला, की जमलेल्या माणसांचे श्वास एकदम कसे थांबतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. लग्नातला अंतरपाट दूर झाला, की दोन माणसे एकमेकांना दिसतात आणि त्या क्षणापासून त्यांचे आयुष्य बदलते. या चित्रातला पडदा तसा आहे. तो शोभेसाठी नाही. तो उघडला आहे, याचा अर्थ आता काहीतरी टळणार नाही.

राफाएलने मॅडोना पुष्कळ रंगवल्या. व्हिएन्नात आहे ती हिरवळीवर बसलेली मॅडोना. फ्लॉरेन्सला आहे ती खुर्चीवर बसून बाळाला कवटाळणारी. त्या बहुतेक बसलेल्या आहेत, आणि बसलेली आई म्हणजे स्वस्थता. ड्रेस्डेनची मॅडोना चालते आहे. तिचे पाय अनवाणी आहेत. अंगावरचे वस्त्र आणि डोक्यावरून घेतलेले ओढणीसारखे कापड वाऱ्याने फुगले आहे, म्हणजे चाल अगदी मंदही नाही. ढगांवरून उतरत ती सरळ आपल्याकडे येते आहे. राफाएलने हे सारे इतक्या सहजपणे केले आहे, की पहिल्या भेटीत चाल लक्षातही येत नाही. फक्त आपण नकळत अर्धे पाऊल मागे सरकतो.

आणि मग चेहरे. या चित्राचा सारा वाद या दोन चेहऱ्यांशी आहे. पाहणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांत गोडवा पाहिला, शांती पाहिली. १७५५ मध्ये व्हिंकेलमान या जर्मन पंडिताने या चित्राची थोरवी गाइली, तेव्हापासून ही स्तुती चालू आहे. ती खोटी नाही. मेरीचे सौंदर्य निर्विवाद आहे. पण तिच्या डोळ्यांकडे जरा वेळ पाहत राहावे. त्यांत निश्चिंतपणा नाही. भुवया किंचित वर गेल्या आहेत, ओठ मिटलेले आहेत. बाळाचे केस विस्कटलेले, डोळे मोठे आणि गंभीर. एवढ्या लहान मुलाला शोभू नयेत इतके जाणते. त्याचे मस्तक आईच्या गालाला टेकले आहे, पण दोघे एकमेकांकडे पाहत नाहीत. दोघेही एकाच दिशेने, आपल्या दिशेने, पाहत आहेत.

याच संग्रहालयात कोरेज्योचे ‘पवित्र रात्र’ हे चित्र आहे. गवतावर निजलेल्या बाळाच्या अंगातूनच प्रकाश फुटतो आहे, आणि आई त्याच्याकडे अनिमिष पाहते आहे. तिचे जग त्या बाळापाशी संपते. तिथे आपण असलो काय, नसलो काय, तिला पत्ता नाही. ते चित्र पाहून राफाएलपुढे आले, की फरक झटकन ध्यानात येतो. कोरेज्योची आई बाळाची आहे. राफाएलची आई बाळाला घेऊन कुणाकडे तरी निघाली आहे.

कुणाकडे? अभ्यासकांनी याचे एक उत्तर सुचवले आहे. पिआचेंझाच्या चर्चमध्ये हे चित्र जिथे होते, त्याच्या समोरच्या बाजूला येशूचा क्रूस होता. म्हणजे आई आणि मूल दोघेही त्या मुलाचे मरण समोर पाहत होती, असा त्यांचा तर्क. तो मान्य केला नाही, तरी चित्र वेदीवरचे होते एवढे पुरेसे आहे. त्या वेदीवर रोज धर्मगुरू भाकरी उचलून धरी, आणि श्रद्धावंतांच्या दृष्टीने ती येशूचीच काया होई. म्हणजे ही आई ढगांतून उतरून जिथे येते, तीच जागा बळीची आहे. संत सिक्स्टसचा उजवा हात पाहावा. तो चित्राबाहेर, आपल्याकडे दाखवतो आहे. ही माणसे, यांच्यासाठी, असे तो तिला सांगतो आहे. त्या हाताकडे लक्ष गेल्यावर पाहणारा निवांत प्रेक्षक राहू शकत नाही. मूल त्याच्या स्वाधीन व्हायचे असते.

आपल्या घरांतल्या देवांच्या तसबिरींशी ताडून पाहिले, तर हे अधिक स्पष्ट होते. १८९४ मध्ये राजा रवि वर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. यंत्रे जर्मनीहून आली, तंत्रज्ञही जर्मन होते. पुढे तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचवल्या. कलासमीक्षकांनी त्या तसबिरींना नावे ठेवली, पण देवघरांनी त्यांना आपले म्हटले, आणि त्यात गैर काही नाही. त्या लक्ष्मीचे डोळेही समोर, भक्ताकडे असतात. आपण देवाला पाहतो आणि देव आपल्याला पाहतो. दर्शन म्हणजे दोन्ही. पण लक्ष्मीच्या पाहण्यात अभय असते. ती देते ते तिचे कमी होत नाही. राफाएलच्या मेरीजवळ द्यायला एकच वस्तू आहे, आणि ती दिली की तिच्यापाशी काही उरणार नाही. म्हणून तिच्या दर्शनात आश्वासनाबरोबर एक प्रश्नही आहे. तसबिरीला छपाईने फारसे उणे येत नाही, कारण कृपा कितीही प्रतींत वाटली तरी कृपाच राहते. या चित्राचे मात्र तुकडे केले, की प्रश्न नाहीसा होतो आणि गोंडस पोरे उरतात.

चित्रात सारेच सारख्या तोलाचे आहे, असे मी म्हणणार नाही. संत बार्बरा मला पटत नाही. तिची मान फार सुरेख वळली आहे, नजर फार नेटकेपणाने खाली झुकली आहे. रंगभूमीवर आपली वेळ येताच ठरल्या जागी गुडघे टेकणाऱ्या नटीसारखी ती वाटते. सिक्स्टसच्या अंगावरची सोनेरी जरतारही डोळ्यांत भरते. राफाएलच्या कौशल्याचा हा धोकाच होता: त्याला कुठलीही गोष्ट अवघड जात नसे. जर्मनीतल्या जुन्या चित्रकारांनी दुःख रंगवले ते हाडे मोडून, कातडी फाडून. त्यांच्यापुढे राफाएल पुष्कळांना मिळमिळीत वाटतो. पण या चित्रात त्याने आपले सारे कौशल्य भोवतालच्या मंडळींवर उधळले आणि मधल्या बाईला जवळजवळ काहीच दिले नाही. दागिना नाही, मुकुट नाही, डोक्याभोवती तेजोवलय नाही. साधी लाल-निळी वस्त्रे आणि अनवाणी पाय. एवढ्या जरतारीतून एक बाई साध्या कपड्यांत चालत येते, आणि डोळे तिच्यावरच खिळतात. बार्बरा जितकी नाटकी, तितकी मेरी खरी वाटते. हा हिशेब राफाएलने जाणून केला असेल, तर तो फार मोठा नाटककारही होता.

राफाएल आठ वर्षांचा असताना, १४९१ मध्ये, त्याची आई वारली. तीन वर्षांनी वडीलही गेले. आयुष्यभर त्याने आया रंगवल्या आणि १५२० मध्ये, सदतिसाव्या वर्षी, तो स्वतः गेला. चरित्रातून चित्र उलगडते असे मी मानत नाही. आईवेगळी मुले जगात लाखो झाली, मॅडोना एकानेच रंगवली. तरीही या बाळाच्या डोळ्यांपुढे उभे असताना ती आठ वर्षे मनातून जात नाहीत, हेही खरे.

चित्राचे पुढचे आयुष्यही या चित्राला साजेसे झाले. दुसऱ्या महायुद्धात ते ड्रेस्डेनबाहेर एका बोगद्यात लपवले होते. १९४५ च्या फेब्रुवारीत बाँबहल्ल्यात शहर जळाले, संग्रहालयाच्या इमारतीची पडझड झाली, चित्र वाचले. मे महिन्यात ते रशियन सैन्याच्या हाती लागले आणि मॉस्कोला गेले. १९५५ मध्ये ते ड्रेस्डेनला परत करायचे ठरले, तेव्हा पाठवण्यापूर्वी मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात ते लोकांना दाखवले गेले. प्रेक्षकांमध्ये वासिली ग्रॉसमन हा लेखक होता. त्याची आई १९४१ मध्ये बेर्दिचेव गावी इतर ज्यूंबरोबर मारली गेली होती. १९४४ मध्ये वार्ताहर म्हणून तो ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीच्या जागी गेला होता आणि तिथे काय घडले ते त्याने लिहून ठेवले होते. मॅडोना पाहून आल्यावर त्याने एक निबंध लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्याला या चित्रात ट्रेब्लिंकाची वाट अनवाणी चालणाऱ्या आया दिसल्या. कडेवर मूल, आणि पुढे काय आहे ते जाणणारे डोळे.

ग्रॉसमन ख्रिस्ती नव्हता. मीही नाही. या चित्राला पाहणाऱ्याची श्रद्धा लागत नाही, हे त्याच्या निबंधाने मला पटवले. ते पाहायला फक्त मूल हातांत घेतलेली बाई कधी पाहिलेली असली, म्हणजे पुरे.

याचा दाखला मला दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मिळाला. आई महिनाभर माझ्याकडे राहायला आली होती. तिने तीस वर्षे बालवाडीत काढलेली. जूनच्या पहिल्या दिवशी दाराशी पोरे सोपवणाऱ्या आया तिने शेकड्यांनी पाहिलेल्या. मी तिला चित्रापुढे नेले आणि मुद्दामच काही सांगितले नाही. ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “पोर कुणाला तरी द्यायला निघालीय ही.”

“कशावरून गं?”

“अगं, पोर आपल्यापाशीच ठेवायचं असलं, की बाई पोराकडे बघते. सोपवायचं असलं, की समोरच्याकडे बघते. घेणारं माणूस कसं आहे, ते नको बघायला?”

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, “पण हात बघ तिचे. अजून सोडलेलं नाहीये.”

संग्रहालयातल्या पुस्तकांच्या दुकानात या चित्रावर जाडजूड ग्रंथ आहेत. त्यांतले काही मी वाचले, आणि पुष्कळ शिकले. पण नजर आणि हात यांच्यामधली ही ओढ इतक्या थोड्या शब्दांत मला कुठे सापडली नाही. नजर पुढे गेली आहे, पाय पुढे निघाले आहेत, आणि हात मागे राहिले आहेत. सबंध चित्र या तिन्हींच्या मधल्या अंतरात उभे आहे. राफाएलने मूल दिल्यानंतरचा शोक रंगवला नाही. तो विषय दुसऱ्या चित्रांचा. मूल छातीशी असतानाचे निव्वळ सुखही रंगवले नाही. ते त्याने इतरत्र पुष्कळदा रंगवले होते. येथे त्याने निवडला तो मधला क्षण, जेव्हा देणे ठरलेले आहे आणि दिलेले मात्र नाही.

घरातून मुले शिकायला दूर जातात, मुली सासरी जातात, कुणी सैन्यात जातो. दिवाळीला घरोघर आकाशकंदील लागतात तेव्हा कुणाच्या घरी ती परत आलेली असतात, कुणाच्या घरी फोनची वाट पाहिली जाते. प्रत्येक घरातल्या आईने तो मधला क्षण एकदा तरी पार केलेला असतो. दाराशी, फलाटावर, विमानतळाच्या काचेपलीकडून. त्या क्षणी तिच्याकडे पाहायला कुणाला सवड नसते, कारण सगळे जाणाऱ्याकडे पाहत असतात.

राफाएलच्या चित्रात तळाशी ती दोन पोरे त्यासाठीच बसली असावीत. हातावर हनुवटी टेकून ती तिच्याकडे पाहत राहिली आहेत, पाचशे वर्षांहून अधिक काळ.